बारच्या यादीतील सहा स्कॉच

स्कॉटलंडच्या प्रवासाला निघालेल्या एका वाचकाने तेथील हॉटेलच्या बारने सुचवलेल्या व्हिस्कींची यादी पाठवून तिच्याविषयी मत विचारले आहे. याच विषयावरची आणखी काही पत्रे हाताशी होती, म्हणून या वेळचे सदर स्कॉच व्हिस्कीलाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पुढच्या महिन्यात स्पेसाइडमधील एका हॉटेलात तीन रात्री राहणार आहोत. हॉटेलने आरक्षणाच्या पत्राबरोबर आपल्या बारची 'अवश्य चाखून पाहा' अशी यादी पाठवली आहे : ग्लेनकिंची १२, ग्लेनफार्क्लास १५, ओबन १४, हायलँड पार्क १२, स्प्रिंगबँक १० आणि लागावुलिन १६ (नावापुढचा आकडा म्हणजे वयाची वर्षे). आजवर आम्ही ब्लेंडेड (म्हणजे अनेक व्हिस्कींचे मिश्रण असलेली) स्कॉच सोडा घालून घेतली आहे, सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीचा, अनुभव जवळजवळ नाही. ही यादी विश्वास ठेवण्यासारखी आहे का, आणि कोणती व्हिस्की कोणत्या क्रमाने घ्यावी?

यादी चांगली आहे. दुर्मीळतेच्या नावाखाली अव्वाच्या सव्वा दराने विकली जाणारी एकही बाटली तिच्यात नाही, एवढ्यावरूनच ती करणाऱ्याचा हेतू स्वच्छ दिसतो. स्कॉच माल्टचे कायद्याने पाच प्रदेश मानले आहेत : हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. हे पाचही प्रदेश यादीत आले आहेत. सहावी बाटली, म्हणजे ऑर्कनी बेटांवरची हायलँड पार्क, कायद्याच्या दृष्टीने हायलँडमध्येच मोडते. 'बेटांवरची व्हिस्की' हा वेगळा वर्ग बारवाले आणि दुकानदार मानतात, कायदा मानत नाही. यादीचा आराखडा मात्र जुना आहे. ग्लेनकिंची, ओबन आणि लागावुलिन या १९८८ साली 'क्लासिक माल्ट्स' या नावाने एकत्र विक्रीस आणलेल्या सहा व्हिस्कींपैकी तीन. निरनिराळ्या भागांतून एकेक निवडलेल्या त्या सहा बाटल्या लाकडी चौथऱ्यावर ओळीने मांडून बारमध्ये ठेवल्या जात. ती उघडच विक्रीची युक्ती होती, पण हॉटेलांच्या बारना शिफारशीचा साचा तिनेच घालून दिला. साचा वाईट नाही. मात्र त्यातून 'प्रदेश कळला की चव कळली' असा एक समज पसरला, तो आपण बारच्या दाराबाहेर ठेवावा. पेल्यातली चव मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : जव वाळवताना पीटचा (दलदलीतून कापून सुकवलेल्या इंधनाचा) धूर दिला की नाही, तांब्याच्या भांड्यांतून ऊर्ध्वपातन कसे केले, आणि व्हिस्की कोणत्या पिंपात मुरली.

क्रमाबद्दल माझा यादीशी एक मतभेद आहे. छापलेल्या क्रमाने गेलात तर दुसऱ्याच पेल्यात ग्लेनफार्क्लास येईल आणि तिच्यामागून आलेली ओबन बिचारी फिकी वाटेल, हा ओबनवर अन्याय होईल. तीन संध्याकाळी आहेत, तर दोन-दोनच्या जोड्या लावाव्यात.

पहिल्या संध्याकाळी ग्लेनकिंची आणि ओबन. एडिंबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोथियनमध्ये तयार होणारी ग्लेनकिंची हलकी आहे. तिला गवताचा आणि लिंबाच्या सालीचा वास येतो, आणि सोड्यावरून निव्वळ व्हिस्कीकडे वळणाऱ्याला ती दचकवत नाही. ओबनची डिस्टिलरी १७९४ सालची असून तिच्याभोवतीच पुढे गाव वाढले. आज ती घरे, दुकाने आणि मागचा कडा यांच्यामध्ये अशी अडकली आहे की तिला विस्ताराला जागा नाही, आणि ऊर्ध्वपातनाची भांडी अजून दोनच आहेत. तिच्यात संत्र्याची साल, थोडा मध आणि शेवटी जिभेवर किंचित खारटपणा जाणवतो. धूर आहे, पण तो शोधावा लागतो.

दुसऱ्या संध्याकाळी ग्लेनफार्क्लास आणि हायलँड पार्क शेजारी-शेजारी ठेवाव्यात. या यादीतली ही सर्वांत शिकवणारी जोडी आहे आणि तिच्यासाठी निवांत वेळ काढावा. दोन्ही व्हिस्की शेरी या स्पॅनिश वाइनने मुरवलेल्या ओकच्या पिंपांचा वारसा सांगतात. फरक आहे तो धुराचा. ग्लेनफार्क्लास तुमच्या हॉटेलच्या परिसरातलीच, बेन रिनेस डोंगराच्या पायथ्याची. १८६५ पासून ती एकाच ग्रँट कुटुंबाकडे आहे. बहुतेक डिस्टिलऱ्यांनी भांडी वाफेने तापवायला सुरुवात केली, तरी येथे अजून भांड्याखाली थेट ज्योत असते. त्यांनीही वाफेचा प्रयोग केला, पण उतरलेला द्रव आपल्या धाटणीचा नाही असे पाहून तो सोडून दिला. पेला नाकाशी नेला की आधी मनुका आणि अक्रोड येतात, मग जुन्या लाकडी कपाटासारखा वास, आणि घोट घेतल्यावर ४६ टक्के अल्कोहोलची ऊब छातीपर्यंत उतरते. आता हायलँड पार्क घ्या. सुका मेवा इथेही आहे, पण त्याच्या खालून एक गोडसर, फुलांचा धूर वर येतो. ऑर्कनीवर झाडे फारच कमी असल्यामुळे तिथल्या पीटमध्ये लाकडाऐवजी हेदर या झुडपाचा अंश अधिक असतो, आणि तो जाळल्यावर निघणारा धूर आयलाच्या धुराहून सौम्य आणि सुगंधी असतो. दोन्ही पेले आलटून-पालटून चार-पाच वेळा नाकाशी नेले, तर धूर म्हणजे काय आणि पिंप म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

तिसरी संध्याकाळ स्प्रिंगबँक आणि लागावुलिनची. किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या कॅम्पबेलटाउनमध्ये एके काळी तिसाहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या. १९२० च्या दशकात त्यांतल्या बहुतेक बंद पडल्या. स्प्रिंगबँक तग धरून राहिली, आणि जवाला फरशीवर मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचे सगळे काम ती आजही आपल्याच आवारात करते. तिची चव एका शब्दात बसत नाही : तेलकट, खारट, जराशी धुरकट, मधेच नासपतीसारखी गोड. मला विचाराल तर सहांमधली सर्वांत मोठी व्हिस्की हीच, पण पहिल्या दिवशी तिची किंमत कळणार नाही, म्हणून ती उशिरा. लागावुलिन मात्र शेवटीच घ्यावी, कारण तिच्यानंतर त्या रात्री दुसऱ्या कशाचीही चव लागत नाही.

प्रत्येक व्हिस्कीचा एकच पेला मागवून दोघांत वाटून घ्या. सहाही चाखून होतील आणि तिन्ही सकाळी डोके ठिकाणावर राहील.

प्रश्न : आयला बेटावरच्या व्हिस्कीला आयोडीनचा आणि दवाखान्याचा वास येतो असे ऐकून आहे. असे असताना लोक ती आवडीने का घेतात? आयलाची प्रत्येक व्हिस्की अशीच असते का?

प्रत्येक तशी नसते. बुनाहावनची नेहमीची १२ वर्षांची व्हिस्की आणि ब्रुकलॅडीची 'क्लासिक लॅडी' या दोन्ही आयलाच्याच, पण त्यांत पीटचा धूर वापरलेला नाही. उलट स्पेसाइडमधल्या बेनरोमाकमध्ये हलका धूर आहे.

वासाचे कारण असे. मोड आलेले जव वाळवताना खाली पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत पडलेल्या वनस्पतींचे थर कापून आणि सुकवून केलेले इंधन. त्याच्या धुरातली फिनॉल वर्गातली संयुगे ओलसर जवावर बसतात आणि ऊर्ध्वपातनातूनही काही प्रमाणात टिकून राहतात. यांपैकी क्रेसॉलचा वास जंतुनाशकाशी मिळतो, तर ग्वायाकॉलचा लाकडाच्या धुराशी. लाफ्रॉइगमध्ये पहिला वास ठळक असतो, म्हणून दवाखान्याची उपमा तिला चिकटली. लागावुलिनमध्ये विझत आलेल्या शेकोटीचा भास अधिक होतो आणि १६ वर्षांच्या मुरण्याने त्याला गोडवा आलेला असतो.

बारमध्ये कुणी 'ही इतक्या पीपीएमची' (म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे इतके भाग) असे आकडे ऐकवू लागले तर ते फारसे मनावर घेऊ नयेत, असे मी म्हणेन. हा आकडा सहसा जवातल्या फिनॉलचा असतो, पेल्यातल्या व्हिस्कीचा नव्हे. लागावुलिन आणि कूल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्या पोर्ट एलनच्या माल्टिंगमधून (जवाला मोड आणून ते वाळवणाऱ्या कारखान्यातून) साधारण सारख्याच धुराचे, सुमारे ३५ पीपीएमचे जव घेतात. तरीही लागावुलिन भारदस्त लागते आणि कूल ईला हलकी व स्वच्छ. भांड्यांचा आकार वेगळा, ऊर्ध्वपातनाची गती वेगळी, आणि उतरणाऱ्या द्रवाचा कोणता भाग ठेवायचा व कोणता परत फिरवायचा हा निर्णयही वेगळा. धुराची भीती वाटत असेल, तर कूल ईला १२ पासून सुरुवात करावी.

लोक ती आवडीने का घेतात, याला उत्तर नाही. काहींना ती पहिल्या घोटातच आवडते, काहींना जन्मभर आवडत नाही. दुसऱ्या गटातल्यांनी ओशाळण्याचे कारण नाही.

प्रश्न : सिंगल माल्टमध्ये पाणी किंवा बर्फ घातला तर स्कॉटिश बारटेंडर नाक मुरडतो, हे खरे आहे का?

पाण्याबद्दल तर मुळीच नाही. स्कॉटलंडमधल्या बारच्या काउंटरवर पाण्याचा छोटा जग ठेवलेलाच असतो, आणि व्यवसाय म्हणून व्हिस्की पारखणारे लोक ती पाणी घालूनच पारखतात. आधी नुसताच वास घ्यावा, तोंड किंचित उघडे ठेवून, म्हणजे अल्कोहोलचा झणका कमी लागतो. मग अगदी लहान घोट घेऊन तो तोंडात फिरवावा. त्यानंतर पाण्याचे चार-सहा थेंब घालून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा वास घ्यावा. बहुतेक वेळा वास मोकळा होतो. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी २०१७ साली संगणकावर प्रतिकृती तयार करून याचा अभ्यास केला. अल्कोहोलचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असते तेव्हा ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतात, आणि ते ५९ टक्क्यांच्या वर गेले की आत खोलवर विखुरतात, असे त्यांना दिसले. ग्लेनफार्क्लास १०५ ही तब्बल ६० टक्क्यांची व्हिस्की आहे, तिच्यात पाणी घातले नाही तर निम्मी चव पेल्यातच राहते. ४० टक्क्यांच्या बाटलीत मात्र जपून, कारण ती आधीच पाणी घालून उतरवलेली असते.

बर्फाने वास दबतो. गंधासाठी पैसे मोजून तो दाबणे मला पटत नाही, पण पेला तुमचा आहे.

प्रश्न : बाटलीवरचे वर्ष जितके जास्त तितकी व्हिस्की चांगली, असे समजावे का? काही बाटल्यांवर वयच नसते, त्या टाळाव्यात का?

बाटलीवरचे वय म्हणजे तिच्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय. कायद्याने स्कॉच किमान ३ वर्षे, स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि बाटलीत ती किमान ४० टक्क्यांची असावी लागते. पिंप कितव्यांदा वापरले आहे हे मात्र वय सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. बर्बन (अमेरिकन व्हिस्की) किंवा शेरीनंतर पहिल्यांदाच स्कॉचसाठी भरलेल्या पिंपात १० वर्षांत जे साधते, ते तीन-चार वेळा वापरून दमलेल्या पिंपात २० वर्षांतही साधत नाही. दरवर्षी पिंपातला सुमारे २ टक्के द्रव हवेत उडून जातो. त्यामुळे जुन्या व्हिस्कीची किंमत चवीमुळे वाढते तितकीच, किंबहुना जास्त, या घटीमुळे आणि अडकून पडलेल्या भांडवलामुळे वाढते. फार काळ ठेवलेली व्हिस्की कधीकधी लाकडाच्या तुरटपणाखाली दबूनही जाते.

वय न छापलेल्या बाटल्यांत डावे-उजवे दोन्ही आहे. अबरलारची 'अबूना' आणि आर्डबेगची 'ऊगेडल' या वयाशिवायच्या असूनही बारमध्ये डोळे मिटून मागाव्यात अशा आहेत. इतर काही बाटल्यांत तरुण व्हिस्की सुंदर नावामागे लपवलेली असते. बारचा हाच फायदा आहे : बाटली विकत न घेता एका पेल्यात निकाल लागतो. नवख्याने १० ते १६ वर्षांच्या मधल्या टप्प्यात रमावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : रंग गडद असेल तर व्हिस्की जुनी, हा समज बरोबर आहे का?

नाही. साधा कॅरमेल रंग घालण्यास कायद्याची परवानगी आहे आणि अनेक कंपन्या तो घालतात. वरच्या यादीतल्या ग्लेनफार्क्लास, हायलँड पार्क आणि स्प्रिंगबँक यांत तो नसतो.

प्रश्न : हॉटेलच्या बारमध्ये ब्लेंडेड स्कॉच मागितली तर हलके समजतील का?

चांगल्या बारमध्ये समजणार नाहीत. जगात खपणाऱ्या स्कॉचचा मोठा वाटा ब्लेंडेडचाच आहे, आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मिश्रणाची कला रुजवली नसती, तर आज नावाजलेल्या कित्येक माल्ट डिस्टिलऱ्या कधीच बंद पडल्या असत्या. एक प्रयोग सुचवतो. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल सोड्याशिवाय, थोड्या पाण्यात घ्या आणि तिच्यानंतर कूल ईला १२. ब्लॅक लेबलच्या मागे रेंगाळणारा जो धूर आजवर सोड्यात विरून जात होता, तो कुठल्या घरचा आहे हे लगेच लक्षात येईल.

प्रश्न : मी एकच पेला घेणारी आहे. धूर नको, घशाला चटका नको. काय मागावे?

बालवेनी डबलवुड १२. आधी बर्बनच्या आणि मग शेरीच्या पिंपात ठेवून मुरवण्याची ही पद्धत डेव्हिड स्टुअर्ट या जाणकाराने रूढ केली, आणि १९९३ पासून मिळणारी ही बाटली मधाळ आहे. ती नसेल तर ग्लासगोजवळची, तीनदा ऊर्ध्वपातन केलेली ऑकनटॉशन १२ घ्यावी.

प्रश्न : तेथे पेग केवढा असतो? 'हॅपी अवर' असतो का? आणि रात्री दोन पेग घेऊन गाडी चालवता येते का?

व्हिस्कीचे माप २५ मिली किंवा ३५ मिली असते, किंवा त्यांच्या पटीत. कोणते माप वापरतात हे बारमध्ये लिहिलेले असते. दोन बारमधले दर ताडून पाहताना आधी हे माप पाहावे, नाहीतर स्वस्त वाटलेला पेग प्रत्यक्षात लहान निघतो. 'हॅपी अवर' शोधू नये. स्कॉटलंडच्या परवाना कायद्यानुसार बारला मद्याचा दर एकदा बदलला की किमान ७२ तास तोच ठेवावा लागतो, त्यामुळे दोन तासांची सवलत देताच येत नाही.

गाडीबद्दल स्पष्ट सांगतो : चालवू नका. ५ डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये रक्तातील अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीमागे ५० मिलिग्रॅम आहे. ती इंग्लंडमधल्या ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेहून बरीच कडक आहे, आणि रात्री उशिरापर्यंत घेतलेली व्हिस्की सकाळच्या तपासणीतही सापडते. डिस्टिलरी पाहायला गेलात, तर गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती मागून घ्यावी आणि हॉटेलवर परतल्यावर उघडावी.

प्रश्न : बारमध्ये आवडलेली बाटली परतताना विकत घ्यायची आहे. काय लक्षात ठेवावे?

स्कॉटलंडमधल्या दुकानांत मद्याची विक्री सकाळी १० ते रात्री १० या वेळेतच होते, त्यामुळे पहाटेच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळीच खरेदी उरकावी. दोन बाटल्या एकत्र घेतल्यास स्वस्त, अशी सवलत तेथे कायद्याने बंद आहे, आणि पर्यटकांना व्हॅट परत मिळण्याची सोयही ग्रेट ब्रिटनमधल्या दुकानांत २०२१ पासून राहिलेली नाही. सहांपैकी पाच बाटल्या सहज मिळतील. अडचण स्प्रिंगबँकची आहे. तिचे उत्पादन थोडे आणि मागणी अफाट असल्याने दुकानांत ती आली की लगेच संपते, आणि उरलेल्या ठिकाणी ती मूळ दराच्या कितीतरी पटीने विकली जाते. तसे पैसे मोजू नका. त्याऐवजी त्याच मालकांच्या, कॅम्पबेलटाउनमधल्याच ग्लेनगाइल डिस्टिलरीची किलकेरन १२ मागावी. तीही ४६ टक्क्यांची आहे, तीही थोडी खारट आणि थोडी धुरकट आहे, आणि नशिबाने साथ दिली तर छापील दरात मिळते.